पालखीचा पुढचा उजवा दांडा

माझ्या वडिलांनी एकतीस वर्षं रामाची पालखी खांद्यावर वाहिली. बत्तिसाव्या वर्षी, उत्सवाला सहा महिने असताना, ते पूजेच्या पाटावर बसले आणि त्यांना उठता येईना. मी आणि बायकोनं दोन्ही बाजूंनी धरून उठवलं. त्या दिवसापासून अप्पांचा गुडघा हा घरातला एक माणूस होऊन बसला. सकाळी कॉफीच्या आधी त्याची चौकशी व्हायची, मग माझी.

आम्ही मद्रासची माणसं, पण मूळ तंजावरचे मराठी. घरातली बोली तिकडचीच होती. वाचणाऱ्याची अडचण नको म्हणून इथे सरळ करून लिहितो. मैलापुरात आमच्या लोकांचा एक लहानसा भजनमठ होता. रामनवमीला संध्याकाळी मठाची पालखी देवळाच्या तळ्याभोवतीच्या चार रस्त्यांवरून फिरायची. दोन लांब दांडे, पुढे चार माणसं, मागे चार. प्रत्येक जागा एकेका घराची ठरलेली. पुढच्या उजव्या दांड्याचं टोक आमचं, आणि त्याच दांड्यावर लगेच मागची जागा माझ्या धाकट्या काकांच्या घराची. नियम एकच होता. ज्याच्या खांद्यावर पालखी मठाच्या दारात परत येईल, ती जागा त्याच्या घराकडे राहील. वाटेत खांदा काढला, की जागा मागच्याची. हा नियम कुठे लिहिला आहे असं मी एकदा मठाच्या वडीलधाऱ्यांना विचारलं. त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी रामाचा जन्मदाखला मागितला होता.

अप्पांना या जागेपलीकडे फारसं काही नव्हतं. शाळेत मास्तर म्हणून त्यांची नोकरी संपली तेव्हा त्यांना कुणी हारही घातला नव्हता. पण रामनवमीला तळ्याभोवतीची माणसं त्यांना वाट करून द्यायची. ती जागा माझ्या हातून गेली असती तर ते मला काही बोलले नसते, आणि तेच मला नको होतं.

तेव्हा मी बेचाळीस वर्षांचा होतो. जिल्ह्याजिल्ह्यांतून येणारे पावसाचे आकडे जुळवून तक्ते करणं हे माझं सरकारी काम. वीस वर्षं वाकून वाकून पाठ अशी झाली होती की खुर्चीतून उठलो तरी खुर्चीचा आकार बरोबर यायचा. काकांचा मुलगा, म्हणजे माझा चुलत भाऊ, तांबरमला राहायचा. काका गेल्यावर दांड्यावरची दुसरी जागा त्याच्याकडे आली होती. बातमी कळताच तो रविवारी आगगाडीनं आला, तीन इडल्या जास्त खाल्ल्या आणि म्हणाला, “अण्णा, तुम्ही आकडेमोडीची माणसं. उगीच जिवाला त्रास कशाला? मी पुढे सरकतो, माझ्या जागी कुणीतरी मिळेल.”

“मी तयारी करणार आहे,” मी म्हणालो.

“तयारी?” बायको आतून म्हणाली. “अहो, परवा तांदळाचं पोतं दारातून स्वयंपाकघरात आणलंत, त्यानंतर रात्रभर कोण कोणाला तेल चोळत होतं?”

मी वही आणली.

पहिल्यांदा मी पालखीचं वजन काढलं. मठातल्या दोघांना पटवून, मूर्ती वगळून, ती लाकडाच्या वखारीतल्या मोठ्या काट्यावर नेली. मूर्तीचं आणि फुलांचं वजन अंदाजानं धरलं. सगळं मिळून तीनशे छत्तीस रत्तल. सरकारनं किलो आणला होता, पण वखारीपर्यंत तो पोचायचा होता. तीनशे छत्तीसला आठानं भागलं, प्रत्येकी बेचाळीस. माझं वयही बेचाळीस. मी याला शुभशकुन मानला. पाऊस मोजून पोट भरणाऱ्यानं शकुन मानू नयेत, पण माणूस घाबरला की काहीही मानतो.

तळ्यामागच्या गल्लीत नारळाच्या झापांच्या छपराखाली एक तालीम होती. तिथले उस्ताद, ज्यांना सगळे वाद्यार म्हणायचे, साठीच्या पुढचे आणि इतके किडकिडीत की पहिल्या दिवशी मी त्यांनाच विचारलं, “उस्ताद कुठे आहेत?” त्यांनी मनावर घेतलं नाही. मला चारी बाजूंनी पाहिलं, जसं जुनं कपाट विकत घेताना पाहतात, आणि तमिळमध्ये म्हणाले, “सार, खांदा तयार करून देतो. पण एकट्या खांद्याला मी शिकवत नाही. सगळं अंग घेऊन यायचं.”

सगळं अंग म्हणजे दंड, बैठका, मुद्गल फिरवणं, दोरावर चढणं, भरभर चालणं, श्वास रोखणं, आणि शेवटी एका पायावर निश्चल उभं राहणं. मी वहीत सात रकाने आखले. पहाटे पाचला तालीम, सहाला आकडे लिहिणं. खरं सांगायचं तर आकडे लिहिण्यासाठीच मी तालमीत जायचो. दंड बारावरून पाच महिन्यांत ऐंशीवर गेले. मुद्गल चाळीस फेऱ्या. छाती फुगवल्यावर अडीच इंच जास्त. हे रकाने मी लाल शाईनं भरायचो.

बैठकांचा रकाना मात्र वीसवरून पस्तीसवर येऊन थांबला. बैठकांनी मांड्या दुखतात आणि बाहेरून काहीच दिसत नाही. पालखी खांद्यावर असते, मांडीवर नाही, असा माझा हिशेब. त्या रकान्यात मी पुष्कळदा “वेळेअभावी नाही” असं लिहिलं. एका पायावर उभं राहणं तर मी दुसऱ्याच महिन्यात बंद केलं. त्यात मोजायचं काय? रकान्यात काय लिहिणार, डुललो?

“सार, बैठका?” वाद्यार रोज विचारायचे.

“उद्या.”

“सार, मांड्यांनी तुमचं काय वाईट केलंय?”

सगळ्यांत मोठा आकडा वहीत शेवटच्या आठवड्यात आला. पाठ सरळ झाल्यामुळे माझी उंची पाच फूट सव्वाआठ इंचांवरून पाच फूट साडेनऊ इंच झाली होती. बेचाळीस वर्षांचा माणूस सव्वा इंच वाढतो, हे मी कचेरीत तिघांना, शेजारी दोघांना आणि घरी सगळ्यांना सांगितलं. बायको म्हणाली, “आता पंचे आखूड पडतील.” अप्पांना मी जरा जास्तच सांगितलं. गुडघ्यांची झीज ही शिस्तशीर व्यायामाच्या अभावानं होते, त्यांनी वेळेवर तालीम धरली असती तर आज ते असे भिंत धरून चालले नसते, वगैरे. वही समोर धरून सांगितलं. अप्पांनी चष्मा पुसला, आकडे वरून खाली वाचले आणि म्हणाले, “असेल बाबा.”

रामनवमीला पाच वाजता पालखी उचलली. खांद्याला रुतू नये म्हणून मी एका जाड टॉवेलची आठ पदरी घडी दांड्याखाली घेतली होती. तिची जाडी सव्वा इंच भरत होती. पहिली शंभर पावलं मला इतकी छान गेली की बेचाळीस रत्तल वाटतच नव्हते. त्याहून जास्त वाटत होते, पण ती मला माझ्या ताकदीची खूण वाटली. माझ्या मागे चुलत भाऊ मोठ्या गळ्यानं भजन म्हणत होता. त्याला इतका दम कुठून येतो, याचं मला कौतुक वाटलं.

दोनशे पावलांवर मी मान वळवली आणि सगळं कळलं. दांडा माझ्या खांद्यावरून निघून त्याच्या खांद्याच्या वरून, चांगला चार बोटं अंतर ठेवून, मागे जात होता. त्यानं वर फक्त हात ठेवला होता, जसा बसमध्ये उभा माणूस ठेवतो. तो पाच फूट सहा इंच. मी पाच फूट साडेनऊ, अधिक सव्वा इंच टॉवेल. पुढच्या उजव्या कोपऱ्याचं सगळं वजन एकट्या माझ्यावर. बेचाळीस नव्हे, चौऱ्याऐंशी. सहा महिने मी नियमानं, लाल शाईनं, स्वतःचा बोजा दुप्पट करून घेतला होता.

रिवाजाप्रमाणे पहिल्या दोन कोपऱ्यांवर पालखी लाकडी टेकूंवर घटकाभर ठेवली. दोन्ही वेळा चुलत भाऊ घाम न आलेला चेहरा घेऊन पुढे आला.

“अण्णा, तोंड काळं पडलंय. पुरे आता. मी येऊ पुढे?”

“नको.”

“मानाचं सोडा हो. जीव मोठा.”

“तू भजन म्हण.”

तिसऱ्या कोपऱ्यापर्यंत माझा खांदा बधिर झाला होता आणि एक डोळा आपोआप मिटत होता. तिथल्या एका ओळखीच्या घराच्या ओट्यावर अप्पांना बसवलं होतं. पालखी टेकूंवर ठेवली तसे ते भिंत धरून उठले, चार पायऱ्या एकेक करून उतरले आणि माझ्याजवळ आले. मला वाटलं, आता हेच सांगतील, दे सोडून. मनातून मला तेच हवं होतं.

“खांद्यावर काय घातलंयस?”

“टॉवेल.”

“काढ तो. आणि गुडघे वाकव. मागे बघ, तो केवढा आहे.”

“शेवटपर्यंत वाकवून चालायचं?”

“मग? त्याच्या बापाबरोबर मी कसा चाललो? तो तर याच्याहून बुटका. मी खाली आलो नाही तर त्याच्या खांद्याला देव लागणार कसा?”

“एकतीस वर्षं?”

“उचल आता. माणसं थांबलीत.”

मी टॉवेल त्यांच्या हातात दिला आणि पालखी उचलली. गुडघे वाकवल्याबरोबर मागून भजन थांबलं आणि “अय्यो” असा आवाज आला. चुलत भावाला त्याचे बेचाळीस रत्तल पोचले होते. चौथा रस्ता चारशे सत्तर पावलांचा आहे, मी आधी मोजून ठेवला होता. ती सगळी पावलं मी अर्ध्या बैठकीत चाललो, आणि पस्तीस बैठकांवर थांबलेल्या मांड्यांनी प्रत्येक पावलाला मला वाद्यारांची आठवण करून दिली. शेवटची पन्नास पावलं मी पाहिली नाहीत. पायाखाली मठाची पायरी लागली तेव्हा कळलं की आलो. चुलत भाऊ मठाच्या खांबाला टेकून हाशहुश करत होता. “अण्णा, शेवटच्या रस्त्याला काय झालं हो? पालखी एकदम जड झाली!”

नऊ दिवस मी जिना बसून उतरलो. अप्पा आणि मी एकाच बाटलीतलं तेल गुडघ्यांना लावायचो. त्या नऊ दिवसांत मी त्यांना व्यायामाबद्दल एक अक्षर सांगितलं नाही.

दहाव्या दिवशी मी टेप घेऊन मठात गेलो आणि आठही माणसांच्या पायापासून खांद्यापर्यंतच्या उंच्या घेतल्या. दोघे टाचा उचलून उभे राहिले, त्यांना खाली करावं लागलं. मग सांगितलं, जागा घराप्रमाणे नव्हे, उंचीप्रमाणे लावा; बुटके चार पुढे, उंच चार मागे. मठाचे वडीलधारे भडकले. “ही रामाची पालखी आहे की लष्कराची कवायत?” पण आठांपैकी पाचांनी तेव्हाच सदऱ्याची बाही वर करून आपापले सुजलेले खांदे दाखवले. इतकी वर्षं ते कुणीच कुणाला सांगितलं नव्हतं. मागची बाजू उंच झाली तर देव पुढे झुकेल, ही शंका निघाली. ती एका आजोबांनी परस्पर मिटवली. राम लोकांकडे जरा खाली वाकून पाहील, म्हणाले, बिघडलं कुठे?

ठराव झाला. त्याप्रमाणे पुढच्या उजव्या दांड्याचं टोक चुलत भावाकडे गेलं आणि मी त्याच दांड्याच्या मागच्या टोकाला गेलो. जी जागा राखण्यासाठी सहा महिने तालीम केली, ती राखून, दहा दिवसांत, टेप लावून, मी स्वतःच देऊन आलो. चुलत भावानं घरी मिठाई पाठवली. दुसऱ्या दिवशी सकाळी मी तालमीत गेलो. वाद्यारांनी काही न विचारता जमिनीकडे बोट दाखवलं आणि मी बैठकांना सुरुवात केली.

अप्पा दोन दिवस माझ्याशी बोलले नाहीत. मिठाईला हात लावला नाही. तिसऱ्या दिवशी मी त्यांच्या गुडघ्याला तेल लावत असताना म्हणाले, “मागे काय दिसणार तुला? रामाची पाठ.”

“हो, पाठच.”

मी दुसरा गुडघा घेतला.

“पुढे असताना मला तीही कधी दिसली नाही,” ते म्हणाले.