कोमलच्या मापाच्या सहा खुर्च्या

मॅडम म्हणाल्या, "मिस्त्री, ती खुर्ची पुसून घ्या. त्या स्प्रेने. दोनदा पुसा."

मी पुसली.

दोनदा म्हणाल्या होत्या, मी तीनदा पुसली. भीतीने. बसायची फळी पुसली, पाठ पुसली. खाली वाकून चारही पाय पुसले. खुर्ची मीच केलेली. चार दिवसांपूर्वी. आणि त्या खुर्चीवरून एक मिनिटापूर्वी उठवलेली पोरगी पण माझीच. कोमल. आठ वर्षांची. बाल्कनीच्या दारात उभी राहून ती बघत होती, बाप काय पुसतोय ते.

तिचा चेहरा कसा होता, मला सांगता येणार नाही. मी तिकडे बघितलंच नाही. बघायची हिंमत नव्हती.

मी मूळचा उदगीरकडचा. चाकणला आलो तेव्हा महाळुंग्यात पॅकिंगच्या एका शेडमध्ये लागलो. कंपन्यांचे पार्ट परदेशी जातात, त्यांना लाकडी पेट्या लागतात. त्या ठोकायच्या. लाकडावर हात बसला तो तिथे. मग एका सकाळी शिफ्टला गेलो तर गेटवरच थांबवलं. ठेका संपला म्हणे. आत डबा ठेवायचं कपाट होतं, त्यात माझा शर्ट राहिला. तो आणायला पण आत सोडलं नाही. तेव्हापासून गेट दिसलं की माझ्या तळहाताला घाम येतो. कुठलंही गेट असो. सोसायटीचं, दवाखान्याचं, शाळेचं.

नंतर मी घरोघरी फर्निचरची कामं धरली. हे काम मोशीतलं. नव्या सोसायटीत, अकराव्या मजल्यावर. मॅडम आधी आयटीत होत्या, नोकरी सोडलेली. त्यांना आणि सोसायटीतल्या आणखी चार जणींना आसपासच्या शाळा पसंत नव्हत्या. सहा मुलं होती सगळ्यांची मिळून. त्यांना घरीच शिकवायचं ठरलं होतं. मॅडमनी त्यासाठी फ्लॅटमधली एक बेडरूम रिकामी केली. तिची शाळेची खोली करायची होती. सहा छोट्या खुर्च्या, एक लांब टेबल, पुस्तकांची मांडणी, भिंतीला फळा.

पहिल्या दिवशी मॅडमनी मला खोलीच्या मधोमध उभं केलं आणि सांगितलं, "शाळेत मुलांना घाबरवून शिकवतात. मला इथे भीती नकोय. एकही टोक नको, एकही खिळा वर यायला नको. मुलं मोकळी बसली पाहिजेत."

खरं सांगतो, मला ते फार आवडलं. मी सातवीपर्यंत शाळेत गेलो. बाकी काय शिकलो आठवत नाही, भीती तेवढी पक्की शिकलो. कोणाच्या तरी पोरांना ती नको, हे ऐकूनच बरं वाटलं. मी प्रत्येक कडेला गोलाई दिली. पॉलिश पेपर मारून झाला की स्वतःचा गाल फळीवर फिरवून बघायचो, कुसळ टोचतं का. इतकं जीव लावून मी दुसरं काम केलेलं नाही.

तिसऱ्या दिवशी मॅडमनी आडनाव विचारलं. मी सांगितलं.

"अच्छा," म्हणाल्या.

जात कोणी विचारली नाही. आमच्याकडे आडनाव पुरतं. त्याआधी मला पाणी स्टीलच्या पेल्यात यायचं. आडनाव सांगितल्याच्या दुसऱ्या दिवसापासून कागदी कप आला. योगायोग असेल. मी स्वतःला तसंच समजावलं. भ्यालेला माणूस स्वतःची समजूत फार लवकर काढतो.

मे महिना होता. कोमलच्या शाळेला सुट्टी. बायको वैशाली चाकणला वायरिंगच्या कंपनीत, फर्स्ट शिफ्टला. शेजारच्या काकू पोरीकडे बघायच्या, त्या गावी गेलेल्या. पोरगी ठेवायची कुठे? मी सोबत घेऊन गेलो. गेटवर सिक्युरिटीवाल्याने वर फोन लावला. मॅडम म्हणाल्या, "ठीक आहे, पण बाल्कनीत बसू दे." मी फोनवर चार वेळा थँक्यू म्हणालो.

कोमल बाल्कनीत बसायची. दप्तरात वही, पेन्सिल, पोळीचा रोल. तोंडातून आवाज नाही. मीच तिला दम देऊन ठेवलेला. कशाला हात लावायचा नाही. जोरात बोलायचं नाही. लघवीला आली तर मला हळू सांगायचं, मी खाली नेतो. आता हे लिहिताना कळतंय, त्या घरात तिला पहिली भीती घातली ती मी.

खुर्च्यांची उंची ठरवायची होती. मॅडमची मुलगी रेवा, ती पण आठ वर्षांची, त्या वेळी पोहायच्या क्लासला गेलेली. मी कोमलला हाक मारली. "बस गं जरा." ती बसली. पाय जमिनीला टेकले पाहिजेत, गुडघा काटकोनात आला पाहिजे. मी पेन्सिलने खूण केली. टेबलाची उंची घेताना तिचे कोपर टेबलावर ठेवायला लावले. नंतर एकेक खुर्ची तयार झाली तशी तिला बसवून बघितली. ती डोळे मिटून अंग हलवायची आणि सांगायची, "पप्पा, ही डगमगती." मग मी पाय घासायचो. सहाच्या सहा तिने पास केल्या.

मग पुस्तकं आली. गालिचा आला. एका दुपारी रेवा क्लासवरून आली आणि तिने कोमलला बाल्कनीतून हाताला धरून आत नेलं. मला दिसलं. थांबवायला पाहिजे होतं. पण रेवाने दुसरी खुर्ची ओढून कोमलला शेजारी बसवलं होतं, आणि दोन्ही पोरी एका पुस्तकात वाकल्या होत्या. मराठी पुस्तक होतं, प्राण्यांचं. रेवा एका शब्दावर अडली. चि... चित्... कोमलने बोट ठेवून वाचलं, "चित्त्याच्या अंगावर ठिपके असतात."

"तुला येतं?" रेवा हसली. "पुढचं वाच."

कोमल मोठ्याने वाचायला लागली. शाळेत उभं करून वाचून घेतात तशी, कवायतीच्या आवाजात. मी हातातला रंधा ठेवून ऐकत राहिलो.

तेवढ्यात मॅडम दारात आल्या. ओरडल्या नाहीत. ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. शांतपणे म्हणाल्या, "रेवा, ऊठ. हात धुऊन ये." मग कोमलकडे न बघता, "तू बाहेर बस हं." मग मला, "मिस्त्री, ती खुर्ची पुसून घ्या."

पुढचं सांगितलंच.

संध्याकाळी मोशीहून चाकणच्या बसमध्ये चढलो. दोन सीट रिकाम्या होत्या. मी बसलो. कोमल दांडी धरून उभी.

"बस की."

"नको. मी उभीच राहते."

ती खिडकीबाहेर बघत होती. मग एकदम म्हणाली, "पप्पा, तुम्ही खुर्चीचे पाय का पुसले? मी पायांना हात नव्हता लावला."

मॅडमनी पाय पुसायला सांगितलेच नव्हते. ते माझ्या पदरचे. सांगितल्यापेक्षा जास्त पुसलं की आपल्यावर राग राहत नाही, काम जात नाही, असं माझ्या हाडात बसलेलं होतं. माझा बाप मुकादमासमोर न सांगता चप्पल काढायचा. मला त्याची लाज वाटायची. त्या बसमध्ये मला कळलं, मी तेच केलंय. आणि ते बघणारं माझं पोर होतं.

घरी वैशालीला सांगितलं. ती कणीक मळत होती. हात थांबले तिचे.

"मग तुमी काय म्हणले?"

"काही नाही."

"काहीच न्हाई?"

मी मान हलवली. ती परत मळायला लागली. मळता मळता म्हणाली, "म्हणजे पोरीला वाटलं असंल, ती बाई म्हणती ते खरंच हाय."

दोन दिवसांनी काम पूर्ण झालं. पाचही जणी बघायला येणार होत्या. त्याच सोसायटीत मला पुढच्या दोन फ्लॅटचं काम मिळायचं होतं, तेही त्या दिवशी ठरणार होतं. कोमलला आणावंच लागलं. पण ती आत यायला तयार नाही. फ्लॅटच्या दाराबाहेर चपलांच्या रॅकजवळ उभी राहिली. भिंतीला पाठ पण टेकली नाही तिने.

खोली सुंदर दिसत होती. पाच जणी फिरल्या, कडांवरून हात फिरवले. "कित्ती स्मूद आहे," एकजण म्हणाली. टेबलाभोवती पाच खुर्च्या होत्या. सहावी बाल्कनीत, उलटी करून ठेवलेली.

मॅडम म्हणाल्या, "काम छान झालंय. फक्त ती एक खुर्ची नवीन करून द्या. सगळ्यांची मुलं बसणार आहेत. इन्फेक्शनचं काही सांगता येत नाही."

"हो मॅडम" हे माझ्या तोंडात आलं होतं. जिभेवर होतं. आयुष्यभर तेच पहिलं येतं. पण दार उघडं होतं आणि दारातून मला रॅकजवळचे तिचे पाय दिसत होते. ती ऐकत होती.

कान गरम झाले. मी मांडणीचा कोपरा धरला, पडेन म्हणून.

म्हणालो, "मॅडम, एक बदलून भागणार नाही. सहाही बदलाव्या लागतील."

"का?"

"सहाही खुर्च्यांवर माझी मुलगी बसलीय. तिचं माप घेऊनच केल्यात. ह्या टेबलाची उंची पण तिच्याच कोपराची आहे."

टेबलावर हात ठेवून उभ्या असलेल्या एका बाईने हात काढून घेतला. मी ते बघितलं. तो हात उचललेला बघितला आणि माझ्या आत काहीतरी तुटलं ते तुटलंच.

"मी नवीन खुर्ची करणार नाही," मी म्हणालो. "आणि परत पुसणार पण नाही. त्या दिवशी पुसली ती माझी चूक झाली."

"आवाज चढवू नका," मॅडम म्हणाल्या.

मी आवाज चढवला नव्हता. माझा आवाज फाटत होता, धड बाहेर पण येत नव्हता. मान वर होती, तेवढंच.

"लहान मुलीचं काय एवढं मनावर घेताय?" दुसरी कोणीतरी म्हणाली. "हायजीनचा विषय आहे फक्त."

"मी पण बसून बघितलंय खुर्चीवर," मी म्हणालो. "माझं कोणी काही बोललं नाही. काम चालू होतं तोवर चाललं."

मॅडमचा चेहरा लाल झाला. "मी ग्रुपवर टाकते. ह्या सोसायटीत तुम्हाला परत काम मिळणार नाही."

मी हत्यारं भरली. करवत पिशवीत जाईना, ती तशीच काखेत धरली. कोमलचा हात धरला आणि सर्व्हिस लिफ्टने खाली उतरलो. रहिवाशांच्या लिफ्टने जायचं धाडस तेव्हाही झालं नाही. खोटं कशाला सांगू.

खाली गेटवर सिक्युरिटीवाला आडवा आला. आमच्याच मराठवाड्याचा माणूस, रोज रामराम करणारा. नजर चुकवत म्हणाला, "भाऊ, वरून फोन आलाय. बॅग बघावी लागती."

मी पिशवी रस्त्यावर उपडी केली. रंधा, पटाशी, टेप, हातोडी. येणाऱ्या-जाणाऱ्या गाड्या हळू होऊन बघत होत्या. पोलीस बोलावतील असं वाटत होतं. चौकीत काय करतात ते मला माहीत आहे. काही निघालं नाही. मग त्याने कोमलच्या दप्तराकडे बोट केलं.

"ते नाही," मी म्हणालो.

"भाऊ, मला वर सांगावं लागतं."

"काय सांगायचं ते सांग. पोलिसांना बोलाव. मी इथे उभा आहे. तिच्या दप्तराला हात लावू देणार नाही."

तो खुर्चीवर जाऊन बसला आणि रजिस्टर चाळायला लागला. आम्ही बाहेर पडलो.

मला वाटलं होतं, आता कोमल बसमध्ये बसेल. नाही बसली. त्या दिवशी नाही, नंतरही नाही. शाळा सुरू झाली तर तिच्या बाईंनी मला बोलावून सांगितलं, बाकावर बस म्हटलं की आधी दुसऱ्यांना विचारते, बसू का. मी एका मिनिटात घातलेली भीती एका दिवसात निघत नाही. किती वर्षं लागतील, माहीत नाही.

वैशाली म्हणाली, "चांगलं केलं." मग, "आता?"

आता मी असं करतो. काम बघायला गेलो की टेप खिशातून काढायच्या आधी सांगतो. परवा चाकणच्या जुन्या गावात एका बंगल्यावर गेलो. जमिनीवाले लोक. आजोबा झोपाळ्यावर बसलेले. मी माझं आडनाव आधीच सांगितलं, कोणी विचारायच्या आत. मग म्हणालो, सुट्टीच्या दिवशी माझी मुलगी सोबत असते. ती आत येईल, जमिनीवर की खुर्चीवर, कुठे बसवणार ते आत्ता सांगा. तिला पाणी कशात देणार ते पण.

आजोबांचा झोपाळा थांबला. "व्हय?" म्हणाले. "मंग बघू. पोराला इचारून कळवतो."

कळवलेलं नाही. त्याच्या आधीचंही एक काम असंच गेलं. तिसरंही जाईल कदाचित. दर वेळी बेल वाजवण्याआधी जिन्यात थांबावं लागतं, छातीतली धडधड कमी होईपर्यंत. भीती गेलेली नाही, जाईल असं वाटत नाही. तिला सोबत घेऊनच बेल वाजवतो.

सुट्टीच्या दिवशी कोमल शेजारी उभी असते. दार उघडलं की सांगतो. ही माझी मुलगी. हिचं नाव कोमल. ही माझ्याबरोबर आत येणार. चालत असेल तर माप घेतो. नसेल तर आत्ताच सांगा, आम्ही दोघं निघतो.