तेल लावलेला चुरा

कामशेतच्या जैतुनबीला बिडाचा, म्हणजे ओतीव लोखंडाचा, चुरा जितका कळत असे, तितके लोणावळ्याच्या दत्तोबा मिस्त्रीला स्वतःचे हातही कळत नव्हते. परंतु मिस्त्री म्हणवून घेण्यास ज्ञान लागत नाही. खाकी टोपी पुरते.

नवऱ्यामागे जैतुनबी जत्रेची शोभेची दारू करी. फुटक्या बिडाच्या कढया खलात कुटून ती चुरा चाळी. पिठासारखा चुरा भुईनळ्याच्या तोंडाशीच जळून जातो. रव्याएवढा दाणा मात्र उंच चढून फुले उधळतो. मावळच्या दमट हवेत तो गंजू नये म्हणून ती त्याला जवसाच्या तेलाचा हात लावी.

सन १९३४ मध्ये एका शेटजींच्या बंगल्यावर नळाचे सांधे भरण्याचे काम दत्तोबाला मिळाले. नवसागर आणि पाणी घातले की बिडाचा चुरा गंजतो, फुगतो आणि सांध्यात दगडासारखा बसतो. तो चुऱ्यासाठी जैतुनबीकडे आला.

"नळाला पायजे व्हय? ह्यो तेलाचा हाय, मिस्त्री. गंजायचा न्हाई."

"मावशी, तुम्ही भुईनळे भरा. लोखंड मला शिकवू नका."

तोच चुरा नेऊन भरलेले सांधे गळले, शेटजींचा दिवाणखाना भिजला. तेव्हा या शूर पुरुषाने भर बाजारात सांगितले की, म्हातारीचा माल खोटा आहे. जत्रेचे पुढारी कोंडाजी पाटील यांनी ते ऐकले आणि दारूचे काम तळेगावला देण्याचे ठरविले. त्या एका कामावर जैतुनबीचे वर्ष निघत असे.

ती भांडली नाही. पाटलांच्या ओसरीवर तिने दोन पणत्या मांडल्या. एकीत तेलाचा चुरा, दुसरीत ताजा कुटलेला. दोन्हींत नवसागर व पाणी घातले.

"तिसऱ्या दिशी बघा, पाटील. मिस्त्रीलाबी बोलवा."

तिसऱ्या दिवशी कोंडाजींनी पणत्या उलट्या केल्या. ताजा चुरा दगड होऊन पणतीला चिकटला होता. तेलाचा चुरा वाळूसारखा दत्तोबाच्या बुटावर सांडला.

"तेलाचं आधी सांगायला हवं होतं," दत्तोबा म्हणाला.

"सांगितलं व्हतं. तवा तुमी लोखंड शिकत नव्हता."

कोंडाजी हसले आणि जत्रेचे काम जैतुनबीकडेच राहिले.

दुसऱ्या दिवशी दत्तोबा तिच्या दारात उभा होता. "मावशी, बिनतेलाचा शेरभर मिळेल?"

जैतुनबीने फुटकी कढई आणि खल त्याच्यापुढे सरकवला.

"कुटा. टोपी काढून ठिवा, लय घाम येतो."