किनुएचे पाय

नोव्हेंबरात कात्सुहारू मारुयामा गेला तेव्हा खोऱ्यातल्या सगळ्यांनी त्याच्या बायकोकडे पाहिलं, आणि किनुए रडली नाही. स्मशानातून परत येताना तिने शेजारणीच्या कोटाचं निसटलेलं बटण लावून दिलं, घरी आल्यावर सगळ्यांना चहा केला आणि दुसऱ्या दिवशी सकाळी फोटोसमोर भाताची वाटी ठेवून कारखान्याची खिडकी उघडायला गेली. बाई धीराची आहे, असं लोक म्हणाले. तो धीर नव्हता. थंडीत फार वेळ राहिलेल्या बोटांना सुई टोचली तरी कळत नाही, तसं काहीतरी होतं. ते तिला स्वतःला माहीत होतं, पण सांगणार कोणाला?

कारखाना म्हणजे घरामागची लांबट पडवी. तिथे कात्सुहारू स्नोबोर्ड करायचा. आजकालची पोरं उड्या मारायला घेतात तसल्या रुंद, लवचीक फळ्या नव्हेत. त्याच्या फळ्या अरुंद कंबरेच्या, लांब आणि ताठ, टणक बूट चढवून वापरायच्या. असल्या फळीवर माणूस उतारावरून घसरत नाही, उतार कापत येतो. अंग इतकं कललेलं की हातमोजा बर्फाला लागावा, आणि मागे सुरीने ओढावी तशी एकच बारीक रेघ. आमच्या खोऱ्यात या खेळाचं वेड जुनं आहे. साठीतले लोकही सकाळी लिफ्ट सुरू व्हायच्या आधी रांगेत उभे असतात.

कात्सुहारूचा एक नियम होता. ज्याने फळी केली त्याने ती पारखायची नाही. केलेल्याचा जीव तिच्यात अडकतो, मग तो तिला माफ करतो. म्हणून पारख किनुएकडे. प्रत्येक नवी फळी ती तीन बर्फांवर चालवायची: रात्री गोठून काचेसारखा झालेला, नुकता पडलेला भुसभुशीत, आणि उन्हाने कुजलेला. यंत्राने रेघा पाडलेल्या सकाळच्या दाबल्या बर्फावर ती पारख करायचीच नाही. ‘त्यावर कुठलीही फळी शहाणीच दिसते,’ म्हणायची. ती हो म्हणाली तरच मारुयामाचा लोखंडी शिक्का तापवून फळीच्या शेपटीकडच्या लाकडी पापुद्र्यावर उठवायचा. शिक्का नाही तर फळी विकायची नाही.

आता कारखान्यात उरला होता हिदेताका कोमात्सु. पूर्वी लिफ्टच्या दुरुस्तीवर होता. चाळिशी ओलांडली तेव्हा नोकरी सोडून कात्सुहारूच्या हाताखाली आला. अबोल, रुंद खांद्यांचा, आणि नाराज झाला की कान लाल होणारा माणूस. उस्ताद गेल्यावर त्याने त्या हिवाळ्यात दोन फळ्या एकट्याने केल्या. मार्चअखेरीस डोंगराच्या पायथ्याशी फळ्यांची जत्रा भरते; सगळे फळीवाले आपापला नवा माल मांडतात, लोक दिवसभर चालवून बघतात आणि पुढच्या हिवाळ्याची मागणी तिथेच नोंदवतात. शिक्क्याची एक तरी फळी तिथे उभी राहिली नाही, तर कारखाना उस्तादाबरोबरच गेला असं सगळे धरून चालणार होते. हिदेताकाला ते माहीत होतं. किनुएलाही.

मार्चच्या सुरुवातीला, बर्फ काचेसारखा झाला त्या सकाळी, तिने पहिली फळी चालवली. लांब, ताठ, पोटात धातूचा पत्रा घातलेली. वरून खाली आली, वळणं घेतली, थांबली.

‘‘काय म्हणता, वहिनी?’’ हिदेताकाने विचारलं.

‘‘चांगली आहे.’’

‘‘शेपूट?’’

‘‘चांगलंय.’’

तो थोडा वेळ वाट पाहत उभा राहिला. पूर्वी किनुए खाली आली की बूट सोडायच्या आधीच तक्रारी सुरू व्हायच्या. टाचेकडची कड उशिरा पकडते, नाक फार हट्टी आहे, मध्ये कुठेतरी कंबर मोडल्यासारखी वाटते. कात्सुहारू कानावर हात ठेवायचा, आणि दुसऱ्या दिवशी नेमकं तेच दुरुस्त करायचा. आता ती बूट सोडून, फळी खांद्यावर टाकून निमूट चालू लागली.

नंतर रात्रभर बर्फ पडला आणि दुसरी फळी निघाली. ही रुंद, मऊ नाकाची. नव्या बर्फात अरुंद फळीचं नाक बुडतं, म्हणून हिचं नाक जरा वर उचललेलं. किनुए त्या पांढऱ्यातून वाहत खाली आली.

‘‘चांगली आहे.’’

उताराच्या पायथ्याशी उमेकोची नूडल्सची टपरी आहे. उमेको किनुएच्या शाळेतली, तोंडाची फाटकी. तिने वाफाळता वाडगा पुढे ठेवला आणि म्हणाली, ‘‘अगं, तिखट टाकलंय दुप्पट. कळतंय का काही?’’

‘‘चांगलं झालंय.’’

‘‘बघ! मीठच घातलं नाही मी त्यात. तुझ्यापेक्षा माझा फडका बरा, निदान भाजला की चरचरतो.’’

किनुए हसल्यासारखी झाली. हिदेताका शेजारच्या बाकावर बसून सगळं ऐकत होता. त्याचे कान लाल झाले होते.

मग ऊन पडलं. छपरांवरून पाणी गळू लागलं आणि दुपारपर्यंत उतारावरचा बर्फ ओल्या साखरेसारखा झाला. हिदेताका तिसरी फळी घेऊन आला. वर नवाकोरा अक्रोडाचा पापुद्रा, कडा घासून चकचकीत.

‘‘ही कधी केलीस?’’ किनुएने विचारलं.

‘‘चालवून बघा आधी,’’ तो म्हणाला. तिच्या डोळ्यांत न बघता.

तिने चालवली. तिसऱ्याच वळणाला शेपूट चिखलात रुतल्यासारखं अडकलं, सुटलंच नाही, आणि फळीने तिला पुढे फेकलं. ती खांद्यावर आपटली, घरंगळत गेली, बसली. हिदेताका वरून धावत आला. तिने कोटावरचा बर्फ झटकला.

‘‘लागलं का?’’

‘‘नाही. माझंच लक्ष नव्हतं. फळी चांगली आहे.’’

हिदेताका तिच्यासमोर त्या पाणचट बर्फात गुडघ्यांवर बसला आणि डोकं पार खाली टेकवलं.

‘‘वहिनी, मला माफ करा. ही फळी नवी नाही. आठ-नऊ हिवाळ्यांपूर्वीची आहे, उस्तादांनी माळ्यावर टाकलेली. तुम्हीच नापास केली होती. ‘गाढवाचं शेपूट लावलंय हिला,’ असं म्हणाला होतात, आणि उस्ताद दोन दिवस तुमच्याशी बोलले नव्हते. मी फक्त वरचा पापुद्रा बदलला.’’

किनुए त्याच्याकडे बघत राहिली. तिला राग यायला हवा होता. एवढ्या वर्षांच्या माणसाने आपल्याला फसवलं, बर्फात पाडलं. निदान लाज वाटायला हवी होती. दोन्हींपैकी काही आलं नाही. खांदा दुखत असावा. तोही दूर कुठेतरी, दुसऱ्याच्या घरात दुखावा तसा.

‘‘ऊठ,’’ ती म्हणाली. ‘‘पँट भिजली तुझी.’’

‘‘मी असं करायला नको होतं.’’

‘‘करायला हवं होतंस. आधीच्या दोघींना मी चांगलं म्हणाले, ते खरं की खोटं ते मला माहीत नाही. पाय काही सांगतच नाहीत, हिदे. जमिनीवर चालताना पण नाही.’’

हे वाक्य तिने पहिल्यांदाच कोणाला सांगितलं. हिदेताका उठून उभा राहिला. त्याने तिची पडताना निसटलेली टोपी उचलून झटकली.

‘‘मग शिक्का नाही,’’ तो हळूच म्हणाला. ‘‘जत्रेला जायचं नाही. मी काही म्हणणार नाही, वहिनी. नियम नियम आहे.’’

किनुए उतारावर बघत होती. तिच्या पडण्याच्या जागेपर्यंत तिची स्वतःची रेघ आली होती. पहिल्या दोन वळणांत बारीक, मग जाड, मग शेपूट जिथे अडकलं तिथे हातभर रुंद उकरलेला खड्डा. ती तिथपर्यंत चालत गेली आणि वाकून हातमोजा त्या खड्ड्यात घातला.

‘‘इथे,’’ ती म्हणाली. ‘‘हे बघ. इथेच अडकली ती. पाय बहिरे झालेत, डोळे नाहीत. उद्या पहाटे तुझ्या दोन्ही फळ्या घेऊन ये. चालवायच्या तू.’’

‘‘मी? पण ज्याने केली त्याने—’’

‘‘पारखायची नाही. पारख मी करेन. तू फक्त खाली ये.’’

दुसऱ्या दिवशी पुन्हा गोठलं होतं. पहिल्या लिफ्टने दोघं वर गेले. हिदेताका आधी लांब फळीवर आला, मग रुंद फळीवर, उताराच्या दोन बाजूंनी. किनुए मागून रेघांच्या कडेने चालत उतरली. टणक बर्फावर लांब फळीची रेघ पाहून तिचं पाऊल थांबलं. केसाएवढी, सलग, कुठे तुटलेली नाही; कात्सुहारूच्या हातची असावी तशी. रुंद फळीची रेघ मात्र टाचेकडच्या वळणांवर बिघडली होती. आधी बारीक दाते, मग मोठे दाते, मग खरवडलेला पट्टा. तिथे पकड सुटली होती.

खाली आल्यावर हिदेताकाचा चेहरा उजळला होता. लांब फळी त्याची लाडकी, ते न सांगता कळत होतं.

‘‘दुपारी पुन्हा,’’ किनुए म्हणाली.

दुपारी बर्फ कुजला. टपरीबाहेर उमेको कमरेवर हात ठेवून बघायला उभी राहिली. ‘‘अगं किनुए, माग काढत चाललीस कोल्ह्याचा की सशाचा? नवऱ्याची फळी सोडून डोंगर हुंगायला लागलीस?’’

‘‘तुझ्या वाडग्यात मीठ नव्हतं, हे मला कळलं होतं,’’ किनुए न वळता म्हणाली.

‘‘खोटारडी!’’

रुंद फळीची रेघ ओल्या बर्फात जरा जाड पण शेवटपर्यंत एकसारखी होती. लांब फळीची सुरुवात सुंदर होती. एक वळण, दुसरं, तिसरं, सकाळसारखंच स्वच्छ. चौथ्यात रेघ एकदम संपली आणि तिथे नाक खुपसल्याचा खोल खड्डा होता. पुढे हिदेताकाच्या अंगाचा ठसा. तो दोन्ही हातांनी चष्मा पुसत खाली बसला होता.

किनुएने दोन्ही रेघा पुन्हा एकदा चढून पाहिल्या. सकाळच्या जागीही जाऊन आली, जिथे रुंद फळीचे दाते उन्हाने आता विरघळत होते. भुसभुशीत बर्फात रुंद फळीचं नाक बुडालं नव्हतं, ते तिने त्या दिवशी डोळ्यांनी पाहिलंच होतं. मग खाली येऊन त्याच्याजवळ बसली.

‘‘रुंद फळीला शिक्का,’’ ती म्हणाली.

‘‘रुंद?’’ हिदेताकाचे कान पेटले. ‘‘वहिनी, सकाळी तिची पकड सुटली!’’

‘‘सुटली. पण आधी तिने सांगितलं. छोटे दाते, मग मोठे. माणसाला सावरायला वेळ मिळतो. तुझी लांब फळी शेवटच्या क्षणापर्यंत गोड बोलते आणि मग खड्ड्यात घालते. त्या फळीवर उद्या कोणाची तरी मुलगी असेल.’’

त्याने लांब फळी उलटी करून नाकावर बोट फिरवलं. मग म्हणाला, ‘‘नाक खाली आहे, हे मला माहीत होतं. उचलायला हवं, हे पण माहीत होतं.’’

‘‘मग उचललं का नाहीस?’’

‘‘तो उस्तादांचा साचा आहे. त्यावर मी कानस कशी लावणार? ते गेल्यावर चार महिन्यांत?’’

किनुएने बर्फ मुठीत घेतला. पाणी बोटांतून गळलं. कात्सुहारूने तो साचा केला तेव्हा मार्चअखेरीपर्यंत हा उतार दगडासारखा असायचा. दुपारचा कुजका बर्फ एप्रिल लागल्यावरच दिसायचा. त्याने नाक खाली ठेवलं ते त्या टणक बर्फासाठी. हे सगळं तिला स्पष्ट दिसत होतं, रेघेसारखं. नवऱ्याच्या हातचा आकार आपण नापास करतो आहोत, हेही दिसत होतं. तिने मनात थोडं थांबून पाहिलं, काही येतंय का. काही आलं नाही.

‘‘त्यांचा साचा त्यांच्या बर्फाचा होता,’’ ती म्हणाली. ‘‘लांब फळीचं नाक उचल. पुढच्या थंडीत पुन्हा चालव, मी रेघ बघायला येईन. रुंद फळी तुझ्या डोक्यातली आहे ना?’’

‘‘हो. उस्तादांना दाखवायची राहिली.’’

‘‘आता दाखवलीस.’’

संध्याकाळी पडवीतल्या शेगडीवर तिने शिक्का तापत ठेवला. हे काम नेहमी कात्सुहारू करायचा. तिने फक्त हो म्हणायचं. हिदेताकाने फळी पाटावर आडवी करून दोन्ही हातांनी धरली. किनुएने लांब दांडा उचलला, शेपटीकडची जागा डोळ्याने मोजली आणि लोखंड टेकवलं. धूर निघाला, लाकूड करपल्याचा वास आला. उचलून पाहिलं तर शिक्का थोडा तिरका पडला होता. खोल गेला होता, खरवडून निघणार नव्हता.

हिदेताका वाकून बघत राहिला. ‘‘थोडा डावीकडे झुकलाय,’’ तो म्हणाला, आणि लगेच जीभ चावली.

‘‘झुकू दे,’’ किनुए म्हणाली. ‘‘मी काही कात्सुहारू नाही. लोकांना कळलेलं बरं.’’

तिने शिक्का पाण्यात बुडवला, खिडकी लावली आणि त्याला म्हणाली की लाखेचा हात उद्या दे, आज लाकूड गरम आहे.