बोटीच्या पंख्यावर काही बसू नये म्हणून

मुलाची बोट महिन्यातून दोनदा माझ्या दारासमोरच्या वाळूत येऊन बसायची, ती काही माझ्यासाठी नव्हे. पंख्याला चिकटलेली कवचं खरवडून घ्यायला. तोंडाने मी काहीही म्हणू दे, ते दोन दिवस म्हणजे माझा सण होता.

आमचं गाव खाडीच्या अलीकडे, मुलगा पलीकडे. फेरीबोटीने गेलं तर वीस मिनिटं. तरी तीन वर्षं तो माझ्या घरात पाटावर बसून जेवला नव्हता. दोष माझाच. लग्नाला वर्षही झालं नव्हतं, सुनेने पहिल्यांदा एकटीने बोंबलाचं कालवण केलं आणि चार पाहुण्यांदेखत मी म्हटलं, "हे आमच्यात मांजरसुद्धा हुंगणार न्हाय." माझ्या जिभेला हाड नाही हे अख्ख्या गावाला ठाऊक. तिला ठाऊक नव्हतं. पंधरा दिवसांत दोघांनी पलीकडे खोली घेतली. माझा नवरा त्याच्या आधीच गेलेला. भांडायलासुद्धा माणूस नाही, असलं कसलं घर? मी रेडिओशी भांडायला लागले.

मुलगा पर्यटकांना डॉल्फिन दाखवायला नेतो. त्याच्या बोटीचं इंजिन बापाच्या होडीसारखं नाही. मागे ॲल्युमिनियमचा एक पाय पाण्यात लोंबतो आणि त्याच्या टोकाला पंखा. कळ दाबली की पाय वर उचलला जातो, पण पुरता पाण्याबाहेर येत नाही. आणि आमच्या खाडीचं पाणी असं, की आठवडाभर बोट उभी राहिली तर आधी हिरवी बुळबुळ धरते, मग तिच्यावर बारीक पांढरी कवचं येऊन चिकटतात. माथ्याला भोक असलेली, हात लागला तर चिरून काढणारी. त्यांनी पंखा जड होतो. पाणी ओढायची जाळी बुजली तर इंजिन तापून मध्येच बंद पडतं. पलीकडे सगळा चिखल आणि खडक, आमची वाळू टणक. म्हणून पुनवेला आणि अवसेला, मोठ्या सुकतीला, ओहोटीचं पाणी उतरता उतरता तो बोट आमच्याकडे आणून टेकवायचा. परत पाणी चढेपर्यंत ती हलत नसे. तोही हलत नसे.

खरवडायचं काम माझं. जन्मभर खडकावरची कालवं काढली आहेत मी, कवच कुठे टोचलं की सुटतं हे हाताला कळतं. सुरुवातीला कोयतीच घेऊन बसले, तर इंजिनवाला मेकॅनिक ओरडला, "मावशी, चरा पाडू नका, खारं पाणी आत शिरतं!" मग बांबूच्या कामठ्या तासून घेतल्या. एकदा शहाणपणा करून नवऱ्याच्या होडीचा उरलेला लाल रंग, तो तांब्याचा असतो, त्या पायाला लावायला निघाले. मेकॅनिकने डोक्याला हात लावला. तांबं ॲल्युमिनियमला खातं म्हणे. पंख्याजवळ जस्ताची एक वडी बसवलेली असते, तिलाही रंग लावायचा नाही. समुद्राने पायाला-पंख्याला सोडून तिला खावं म्हणून ती असते. हे सगळं मी या वयात शिकले.

मी खाली पंख्याशी, तो वर काठावर भाकरी आणि जवळा खात बसलेला. त्याच्याकडे बघून मला कधी गोड बोलता आलं नाही. पण पंख्याकडे तोंड असलं की माझी जीभ जरा सैल सुटायची. झोपतोस का नीट? पित्ताची गोळी घेतोस का? तोही मग सांगायचा, कुठल्या पुणेकराने मोबाईल पाण्यात पाडला, कुठल्या बाईला बोट लागली. सुनेचं नाव दोघंही काढत नव्हतो.

मागच्या थंडीत माझं एक बोट कवचाने कापलं आणि पिकलं. मुलाने माणगावच्या दवाखान्यात नेलं, तिथे चीर द्यावी लागली. मी म्हटलं, एवढंसं काय त्याचं. पण डॉक्टरने पट्टी सोडली तेव्हा मुलगा तोंड फिरवून उभा राहिला होता.

पुढच्या पुनवेला बोट आली ती मला दाखवायला. पंखा पिवळाधमक, हाताला रबरासारखा गुळगुळीत.

"आये, मुंबईहून माणूस आणून लावून घेतलाय. याच्यावर काय बसतच न्हाय. बसलं तरी बोट पळवली की सुटून पडतं. आता तुला चिखलात बसायला नको."

किती हरखून बोलत होता! मग आता तू येणार कशाला, असं मला विचारायचं होतं. तोंडातून निघालं ते भलतंच. "असले रंग लय बघितले. चार दिवसांत सोलून निघेल, मग ये रडत."

त्याचा चेहरा उतरला. पाणी यायची वाट बघत तो काठावर बसला, भाकरी तशीच डब्यात राहिली.

अवस आली, बोट नाही. पुनव आली, नाही. सकाळच्या सुकतीला मी उगाच वाळूत जाऊन उभी राहायचे, पाणी परत चढेपर्यंत. माणसाला नाही तर निदान पाण्याला तरी माझी आठवण येते, असं वाटायचं आणि स्वतःचाच राग यायचा. फोन करायचे तर विचारायचे, "पंखा कसा हाय?" "चकाचक हाय, आये." झालं, बोलणं संपलं. शेजारीण हसायची, "काकी, पोराची सोडून पंख्याची खुशाली विचारता, काय म्हणावं तुम्हाला!" तिला हसायला काय जातंय? मी देवाजवळ त्या रंगाचं वाटोळं मागत होते. खोटं कशाला सांगू.

शेवटी एका दुपारी डबा भरला आणि फेरीबोटीत बसले. पलीकडच्या धक्क्यावर उतरले तर मुलाची बोट पायऱ्यांशी बांधलेली. पाय वर उचललेला, पंख्याची दोन पाती पाण्याबाहेर. एक कवच नाही, बुळबुळ नाही. मुलगा कुठे दिसेना. त्यांची खोली समोरच, वीस पावलांवर. पण दारात जायचं म्हणजे आधी सुनेला काहीतरी बोलावं लागलं असतं आणि ते काय, ते मला तीन वर्षांत सुचलं नव्हतं.

मी शेवटच्या पायरीवर बसले. पिवळ्या पात्यावरून हात फिरवला. इतका राग आला की सांगता सोय नाही. हातात घराची चावी होती. दात आवळले आणि पात्यावर बोटभर लांब रेघ ओढली, सरळ, आतली चकाकी दिसेपर्यंत.

आणि मग घाबरले. या वयात, चोरासारखी. तशीच परतीच्या फेरीबोटीत बसले. डबा घरी येऊन एकटीने खाल्ला, गारढोण.

पुढे किती दिवस गेले मोजले नाहीत. फोन करायची हिंमतच होईना. तर पुनवेच्या आदल्या दिवशी त्याचाच आला. "आये, उद्या बोट लावतो."

सकाळी पाणी उतरलं. सगळा पंखा स्वच्छ, आणि एका पात्यावर बोटभर लांबीची पांढऱ्या कवचांची ओळ, शिवण घातल्यासारखी. मुलगा उडी मारून खाली आला, माझ्या बाजूला उकिडवा बसला.

"दगड लागला असता तर एवढी सरळ आली नसती," तो म्हणाला.

जन्मात कधी कोणापुढे चूक कबूल केली नाही मी. नवऱ्यापुढेसुद्धा नाही. "मी ओढली. चावीने," मी म्हटलं. "मार हाक तुझ्या त्या रंगवाल्याला, भरून घे."

"ठाऊक हाय मला. तिने खिडकीतून बघितलं होतं."

सुनेने! जमीन पोटात घेईल तर बरं, असं झालं मला. म्हणजे मी पायरीवर बसले ते, हात फिरवला तो, आणि तिच्या दाराकडे पाठ करून पळाले ते, सगळं तिने पाहिलं होतं.

"मग? काय बोलली?"

"मी रंगवाल्याला फोन लावत होतो. तर तिने फोन काढून घेतला. बोलली, भरू नको. तेवढी रेघ आईंना खरवडायला राहू दे."

पाणी यायला अजून दीड तास होता. मी त्या ओळीवर कामठी टेकवली, पण डोळ्यांपुढचं दिसेना.