पूजेला उभी राहील अशी गाडी

गणपती गेले त्याच आठवड्यात मुलाने जेवताना विषय काढला.

"बाबा, दारातली गाडी आता काढू या."

मी भाकरी मोडत होतो. म्हटलं, "कालच काढली होती की. तुझी आई आणि मी मंडईत जाऊन आलो."

"तशी नाही. भंगारात काढू या."

कर्वेनगरात आम्ही राहतो ती इमारत माझ्या पिठाच्या गिरणीच्या जागेवर उभी आहे. गिरणी गेली आणि बदल्यात तळमजल्यावरचा फ्लॅट मिळाला, त्याच्यासमोर एक पार्किंग. त्या पार्किंगमध्ये माझी छोटी पांढरी गाडी उभी असते. मुलाची नवी मोठी गाडी रस्त्यावर झाडाखाली. तो हिंजवडीहून दमून येतो, जागा शोधत दोन गल्ल्या फिरतो, आणि सकाळी बघतो तर काचेवर कावळ्यांनी हजेरी लावलेली. त्याचं चुकत नव्हतं. पण म्हणून माझं चुकत होतं असंही नाही.

ही गाडी मी हॉटेलांना पीठ पोचवायला घेतली होती. मागची सीट काढून पोती टाकायचो; गिरणी बंद झाल्यावर सीट परत बसवली. मुलाला म्हटलं, इंजिन अजून एका हाकेत उठतं, कागद चोख आहेत. फक्त अंग गेलं होतं. टपाचे पापुद्रे सुटले होते, दारांच्या खाली गंज धरला होता, आणि बॉनेट उन्हाने पिवळं पडलं होतं. पांढरी गाडी म्हणायची ते आपलं सवय म्हणून.

"इंजिनाचं काय सांगता," मुलगा म्हणाला. "मागच्या दसऱ्याला आईने तिला हार घातला, तेव्हा वॉचमनने मला विचारलं, साहेब, गाडी विकली का, निरोप देताय का."

बायको हसली. मला ते लागलं.

"रंग दिला तर?" मी म्हटलं.

"गॅरेजवाले रंगाला जेवढे पैसे घेतात, तेवढ्यात तिच्यासारख्या आणखी दोन येतील, बाबा."

"मी देईन. घरी."

त्याने ताट बाजूला सारलं. मग म्हणाला, "ठीक आहे. दसऱ्याला पूजेला उभी करण्यासारखी करून दाखवा. झाली तर राहू दे, मी पुन्हा शब्द काढणार नाही. नाही झाली तर दुसऱ्या दिवशी मी भंगारवाल्याला बोलावणार आणि तुम्ही मधे पडायचं नाही."

मी म्हटलं, "मंजूर."

तो आत गेल्यावर बायको हळूच म्हणाली, "अहो, तुम्हाला येतं का ते?"

"घराला नव्हता दिला?"

"दिला होता. पुढच्या दिवाळीला पोपडे आले."

शाळा मी चौथीत सोडली, पण जे करायचं ठरवलं ते बघून बघून शिकलो. गिरणीचा पट्टा बदलायला, जात्याचा दगड टाकी घालून परत खरखरीत करायला मला कुणी शिकवलं नव्हतं. आता तर खिशात फोन आहे. त्यात एक उत्तरेकडचा माणूस अंगणात गाड्या रंगवतो. मला त्याचं निम्मं बोलणं कळत नव्हतं, पण हात कळत होते. मनगट न वळवता तो हात असा सरळ नेतो की बघत राहावं. मी खुर्चीत बसून रिकाम्या हाताने तसं करून बघायचो. बायको म्हणायची, आरती चाललीय का.

नाना पेठेत रंगाचं एक जुनं दुकान आहे, मालकाच्या आजोबांपासूनचं. तिथे गेलो.

"चाचा, मारणार कोण?" मालकाने विचारलं.

"मी."

"शिकलात कुठे?"

"अजून नाही शिकलो."

त्याने माझ्याकडे पाहिलं, चहा सांगितला आणि मग पांढऱ्या रंगांचं कार्ड पुढे टाकलं. पांढऱ्यात एवढे पांढरे असतात हे मला माहीत नसणार, असं तो धरून चालला होता. पण मी तर जन्मभर पांढरंच बघितलं. एकावर बोट ठेवून म्हटलं, हा मैदा. हा ज्वारी, जरा करडा मारतो. हा तांदूळ. तो कार्ड उलटंसुलटं करून बघायला लागला. म्हणाला, "चाचा, मी आता गिऱ्हाइकांना असंच सांगणार." मी तांदळाचा घेतला. रंगाचा डबा, हार्डनरची बाटली, थिनर, खड्डे बुजवायची लांबी, घासायचे कागद, आणि भाड्याने हवेचं यंत्र आणि फवारायची बंदूक. निघताना त्याने दोनदा बजावलं, हार्डनर मापाने घाला, अंदाजाने नको. त्याच्याशिवाय रंग वरून वाळतो, आतून वाळत नाही.

रिक्षात मांडीवर तो डबा धरून बसलो होतो. रिक्षावाल्याने आरशातून बघून विचारलं, "काका, कसला प्रसाद?" इतका मी खूश दिसत असणार.

पहिलं काम घासायचं. कागदाच्या मागे नंबर असतात आणि नंबर जितका मोठा तितका कागद बारीक. हे मला उलटं वाटलं, म्हणून मी नंबर बघणंच सोडलं. कागद अंगठा आणि बोटात धरून चोळायचा. हा भरडा, हा जाड दळण, हा पुरणपोळीचा. गिरणीत गिऱ्हाईक तक्रार करायचं तेव्हा पीठ असंच चिमटीत घेऊन बघायचो, डोळ्यांनी नाही. पाणी मारत घासलं की खालून हळूहळू पत्रा वर यायचा. गंजाच्या जागी लखलखीत धातू दिसला की मला वाटायचं, आणखी थोडं, फक्त त्या टोकापर्यंत. जेवायला तीनदा हाक मारावी लागायची.

दारावर एक पोचा होता, सिमेंटच्या ट्रॉलीने दिलेला. त्यात लांबी भरायची. मी भरली ती उंचवट्यासारखी झाली. बायको पदर खोचून खाली बसली, म्हणाली, "सरका." पत्र्याची पट्टी घेऊन तिने ती अशी पसरली की मी थालीपिठाचे काठ सारखे करणारा हातच ओळखला. दुसऱ्या दिवशी घासल्यावर पोचा कुठे होता ते शोधावं लागलं. त्या दिवसापासून काम दोघांचं झालं, जरी मी तसं म्हणालो नाही.

तिसऱ्या मजल्यावर बँकेतून निवृत्त झालेले एक गृहस्थ राहतात. ते रोज सकाळी फिरून येताना थांबायचे.

"आपण हे नक्की काय आरंभलंय?"

"गाडी रंगवतोय."

"असं होय. मला वाटलं, आपण ती पुसून टाकताय."

मी कागद पाण्यात बुडवला. ते दोन पावलं गेले आणि परत आले. "वासाचं बघा. आमच्याकडे संध्याकाळी माणसं येतात."

"तुमच्याकडे कोणी येतं?" मी म्हटलं. तेव्हापासून ते दुसऱ्या जिन्याने जातात, पण गॅलरीतून बघतात.

रंगाचा दिवस उजाडला. धूळ हा गिरणीवाल्याचा सोबती, पण ओल्या रंगावर एक कण बसला तरी दिसतो. बायकोच्या जुन्या सुती साड्या ओल्या करून पार्किंगभोवती चारी बाजूंनी टांगल्या. तिने आत सडा घातला, रोज दारात घालते तसा, म्हणजे जमिनीवरची धूळ उठणार नाही. काचांना आणि दिव्यांना कागद चिकटवले. तोंडाला फडकं बांधून मी बंदूक हातात घेतली. यंत्र धडधडायला लागलं आणि पायाखालची फरशी थरथरली. इतक्या वर्षांनी त्याच जागेवर पायाखाली थरथर. मला गिरणी चालू झाल्यासारखं वाटलं.

पहिला हात मी हवेतच मारला. दुसरा दारावर. पांढरा पट्टा उमटला, ओला, चकचकीत, आणि त्याच्यात साडीची निळी किनार दिसली. मी थांबलो. बायको पडद्याच्या फटीतून बघत होती.

"दिसतंय का?" मी विचारलं.

"माझी चौकड्याची साडी दिसतीय दारात," ती म्हणाली.

मग मी थांबलोच नाही. दारं, मागची बाजू, टप. हात सरळ, मनगट ताठ. त्या उत्तरेकडच्या माणसाने बघायला हवं होतं. शेवटी बॉनेटवर आलो आणि तिथे मला हाव सुटली. आणखी चकचकीत, आणखी एक हात, आणि रंग दाटला. समोरच्या बाजूला एक ओघळ उतरला, करंगळीएवढा, आणि तिथेच गोठला.

दोन दिवस मी त्या ओघळाकडे बघत होतो. बायको म्हणाली, कुणाला दिसत नाही. मुलगा येता-जाता गाडीकडे बघून गप्प होता, आणि तो गप्प असतो तेव्हा हरत असतो. बाकी गाडी खरंच तांदळाच्या पिठासारखी झाली होती. पण मला ओघळाशिवाय काही दिसेना. पूजेला उभी करायची तर पूर्ण करायची. दसऱ्याच्या आदल्या दिवशी सकाळी मी ते बॉनेट परत घासलं.

हार्डनरची बाटली उलटी केली तर तळाशी थोडंसंच होतं. नाना पेठेत जाऊन येण्यात दुपार गेली असती. होतं तेवढं घातलं, काडीने ढवळलं आणि काडीवरून धार पाहिली. भज्याच्या पिठासारखी छान पडत होती. या वेळी ओघळ नाही, कण नाही, काही नाही. संध्याकाळी मी त्या बॉनेटमध्ये स्वतःचं तोंड पाहिलं, मिशीसकट.

दसऱ्याच्या सकाळी बोट लावून बघितलं. वरून वाळलेलं होतं. बायको ताट घेऊन आली. हळद, कुंकू, झेंडूचा हार, आपट्याची पानं.

"अहो, वास येतोय अजून. ओला नाही ना?"

"वाळलाय. मी बघितलंय."

"नाहीतर नुसता हार ठेवते. बोट नको लावायला."

"पूजा म्हणजे पूजा. स्वस्तिक काढ. मुलाने बघितलं पाहिजे."

तिने कुंकू पाण्यात कालवलं आणि बॉनेटच्या मध्यावर स्वस्तिक काढायला घेतलं. पहिली रेघ ओढताना तिचा हात थबकला. "मऊ लागतंय हो." मी म्हटलं, काढ. तिने काढलं. चार ठिपके दिले, बाजूला हळदीची पाच बोटं लावली आणि हात उचलला. स्वस्तिक वर राहिलं नव्हतं. आत गेलं होतं. साईवर बोट फिरवल्यासारखी खाच पडली होती, आणि तिच्यात कुंकू उतरत होतं.

ती घाईने पदराने पुसायला गेली. मी तिचा हात धरला. पुसलं असतं तर सगळं बॉनेट लाल झालं असतं, एवढं मला तेव्हा कळलं. दोघं तसेच उभे राहिलो. मला तिच्यावर ओरडायचं होतं, पण ओरडायला काही सापडेना. काढ मीच म्हटलं होतं.

"आता?" ती म्हणाली.

"आता काय. बघू देत त्याला."

मुलगा आंघोळ करून नव्या झब्ब्यात बाहेर आला. आधी त्याने गाडीभोवती एक फेरी मारली. दारापाशी वाकला आणि पोचा होता त्या जागी तळवा फिरवला. टपाकडे तिरपं बघितलं. मी कमरेवर हात ठेवून उभा होतो. मग तो पुढे आला आणि बॉनेटपाशी थांबला.

त्याने झब्ब्याच्या बाह्या मागे सारल्या. वाकून अगदी जवळून पाहिलं. हळदीच्या खाचांत बोटांच्या रेषासुद्धा उमटल्या होत्या.

"हे आईचं बोट आहे?"

"मी म्हटलं होतं नको," बायको म्हणाली.

"निघणार नाही हे?"

"घासून काढता येईल," मी म्हटलं. "परत रंग मारीन. एका दिवसाचं काम आहे. पण तू म्हणालास ते दसऱ्याला. आज जशी आहे तशी बघ आणि सांग."

तो सरळ उभा राहिला आणि आईकडे वळला. "बाबांनी मला अडकवलं. पूजा अशी कायमची गाडीत उतरलेली, आणि उद्या मी ही भंगारवाल्याच्या हातात देऊ? तो तरी घेईल का?"

मी म्हटलं, "ते जाऊ दे. रंग कसा झालाय?"

"रंग चांगला झालाय, बाबा."

"चांगला म्हणजे?"

"खूप चांगला झालाय. ऐकायचंच होतं ना?"

ऐकायचंच होतं. वर गॅलरीत ते बँकेतले गृहस्थ उभे होते. म्हणाले, "अहो, आमच्या स्कूटरचा मागचा भाग जरा खराब झालाय. आपल्याला वेळ असेल तर."

"रांगेत या," मी म्हटलं.

दुपारी लोणी काळभोरला मेहुणीकडे सोनं द्यायला गेलो. दर वर्षी मुलगा स्वतःच्या गाडीने जातो आणि आम्ही मागून. या वर्षी तो या गाडीत मागे बसला, गुडघे पोटाशी घेऊन. सोलापूर रस्त्यावर सिग्नलला थांबलो की शेजारचे लोक बॉनेटकडे बघायचे, आणि मी समोर बघत राहायचो, बघतोय हे कळू न देता.

आठवड्याने रंग आतपर्यंत वाळला. नाना पेठेतून हार्डनरची नवी बाटली आणून ठेवली आहे. बॉनेट घासायचं म्हणून मी दोनदा कागद ओला केला, आणि दोन्ही वेळा बायकोने विचारलं, "कशाला?" मी कागद परत वाळत घातला. बाटली अजून भरलेली आहे. स्कूटर कधी घेताय अशी गॅलरीतून रोज विचारणा होते, तेव्हा आधी ती स्कूटरच बघावी म्हणतो.