गळ्यापर्यंत भरलेली कळशी

गेल्या वर्षीच्या आषाढापर्यंत अंबाबाईपुढं उभी राहिले की माझं एकच मागणं असायचं. आई, माझ्या शरूला जरा एका जागी बसव. त्यासाठी मी शुक्रवारचे उपवास धरले होते, ओट्या भरल्या होत्या, कुणी सांगितलं म्हणून पहाटेच्या आरतीलाही जाऊन आले होते. शरू म्हणजे माझी लेक शर्वरी. तेव्हा ती तिसरीत होती. दर्शनाच्या रांगेतही पोरगी रांगेत नसायचीच. कधी खांबाभोवती गरागरा फिरत असायची, कधी पुढच्या बाईच्या पिशवीत डोकावून "काकू, केळी आणलीत व्हय?" असं विचारत असायची. मी डोळे मिटून "हिला शांत कर" म्हणायचे आणि डोळे उघडायचे तर ही कबुतरांच्या मागं. देवीला दोन्ही हात जोडल्याचं मला आठवतच नाही. एक हात कायम हिच्या मनगटावर.

शाळेतून रोज काहीतरी यायचं. वर्गात उठते, मधेच बोलते, अर्धं गणित सोडवून खिडकीबाहेर बघते, डबा शाळेत आणि दप्तर रिक्षात विसरते. शेवटी डॉक्टरांकडं गेलो. तपासण्या झाल्या, आमच्याशी आणि तिच्या बाईंशी बोलणं झालं आणि त्यांनी सांगितलं की हे एडीएचडी आहे. पोरगी मुद्दाम करत नाही. आपण सांगू तिथं तिचं लक्ष टिकत नाही, शरीराला सारखी हालचाल लागते आणि मनात आलं की हातून होऊनच जातं. यात तिचा दोष नाही, तुमच्या वळणाचाही नाही. समुपदेशक बाईंनी तर नीट समजावलं. काम लहान लहान तुकडे करून द्या, एका वेळी एकच सांगा. "हे करू नको" म्हणण्यापेक्षा काय करायचं ते सांगा. आणि तिला जबाबदारी द्या, काढून घेऊ नका. मी मान डोलावली. खरं सांगायचं तर मान डोलावण्यापलीकडं त्यातलं फार काही माझ्या डोक्यात शिरलं नव्हतं.

घरी येऊन सगळं सांगितलं. सासूबाईंना मी आत्या म्हणते. आत्या म्हणाल्या, "असलं काय न्हाय आमच्या घरात. हिचा बाबा बी असाच हुता की ल्हानपणी." त्या वेळी हिचा बाबा घरभर गाडीची किल्ली शोधत होता आणि किल्ली त्याच्याच हातात होती. मला हसू आवरेना. पण आत्यांच्या बोलण्यात तथ्य होतं, हे पुढं डॉक्टरही म्हणाले.

हसण्यावारी नेता येत होतं तोवर नेलं. मग आमच्याच गल्लीतल्या एका मुलीचा वाढदिवस झाला. सगळ्या पोरींना बोलावणं आलं, शरूला आलं नाही. गेल्या खेपेला तिनं केकवरच्या मेणबत्त्या स्वतःच फुंकल्या होत्या म्हणे. ती संध्याकाळभर खिडकीत उभी राहून गाणी ऐकत होती. तिला जवळ घेऊन आत्यांनी टेंबलाईची गोष्ट सांगितली. कोल्हापूरच्या पोरांना ही गोष्ट पाठच असते. अंबाबाईनं राक्षसाला मारलं, त्यात त्र्यंबोलीनं मदत केली, आणि विजयाच्या सोहळ्याला मात्र तिला बोलवायचं राहून गेलं. ती रुसली आणि शहराकडं पाठ करून टेकडीवर जाऊन बसली. मग अंबाबाई स्वतः तिला भेटायला गेली. ती त्र्यंबोली म्हणजेच आमची टेंबलाई, आणि ती टेकडी तिचीच. शरूनं ही गोष्ट आधीही ऐकली असेल, पण त्या दिवशी ती पहिल्यांदाच शेवटपर्यंत हलली नाही. "तिला पण बोलवायला विसरले?" तिनं विचारलं. आणि लगेच जाहीर केलं, "ह्या वर्षी टेंबलाईला पाणी मी नेणार."

आषाढात पंचगंगेला नवं पाणी आलं की आमच्याकडं ते टेंबलाईला वाहतात. एकेका गल्लीची, एकेका तालमीची यात्रा निघते. पुढं वाजाप, मागं डोक्यावर कळशा घेतलेल्या पोरी आणि बायका. वाजापाचं नावच 'पी ढबाक'. पिपाणीचं पी आणि ढोलाचं ढबाक. घाटावरून पाणी भरायचं, टेकडीपर्यंत चालत जायचं आणि देवीच्या पायऱ्यांवर ओतायचं. शरू पाणी नेणार हे ऐकल्यावर गल्लीतल्या बायका एकमेकींकडं बघू लागल्या. आत्याच म्हणाल्या, "देवीचं पाणी हाय ते. वाटंत पाडलं तर सगळ्या गल्लीला बोल लागंल. पुढच्या वर्षी बघू." शरू दाराआडच होती. दुसऱ्या दिवशी मी तिची वेणी घालत असताना तिनं मान न वळवता विचारलं, "आई, देवीला पण मी नको हाय व्हय?"

माझा कंगवा तिथंच थांबला. शाळेनं नको म्हटलं, मैत्रिणींनी नको म्हटलं, ते पोरीनं कसंबसं पचवलं होतं. आता देवीलाही नको, हे एकदा मनात बसलं तर कुठल्या डॉक्टरकडं नेऊ मी हिला? मला इतका राग आला की डोळ्यांतून पाणीच आलं. तशीच स्वयंपाकघरात गेले आणि आत्यांना म्हटलं, पोरगी जाणार. पडलं पाणी तर पडलं. आत्यांनी माझ्याकडं बघितलं आणि भाकरी उलटत एवढंच म्हणाल्या, "मग तू हिच्या संगं चालायचं."

यात्रेच्या सकाळी घाटावर पाय ठेवायला जागा नव्हती. एका गल्लीचं वाजाप कुठं संपतंय आणि दुसरीचं कुठं सुरू होतंय, कळत नव्हतं. मी मोठी हुशारी केली. तिची तांब्याची छोटी कळशी अर्धीच भरली. म्हटलं ओझं कमी, सांडलं तरी कमी सांडेल. हळदीकुंकू लावलं, हार घातला आणि कळशी डोक्यावर दिली. शरू दोन पावलं चालली आणि पाणी आतल्या आत डचमळायला लागलं. कळशी एकदा डावीकडं कलंडली, एकदा उजवीकडं. ती सावरायला गेली तर आणखी हिंदकळली आणि पाणी तिच्या नाकावरून खाली. मागून कुणीतरी च्च् केलं. आत्यांनी हात पुढं केला, "आण ती हिकडं. तू नुसती चाल, बाळा." शरूनं दोन्ही हातांनी कळशी घट्ट धरली आणि माझ्याकडं बघितलं. ती नजर मला अजून आठवते. मी मनात म्हटलं, आई, आता तूच बघ, मला काही सुचत नाही.

"अगं बया! ही अर्धी कुणी भरली?"

कानाजवळच एवढ्या मोठ्यानं आवाज आला की मी दचकले. एक बाई गर्दीतून घुसून आमच्यात आल्या होत्या. अंगावर भारी साडी, तिच्यावर प्लॅस्टिकचा रेनकोट उलटा घातलेला, हातात भेळेची पुडी. मी काही बोलायच्या आत त्यांनी पुडी माझ्या हातात कोंबली आणि शरूची कळशी उतरवली. "अर्धी कळशी डचमळतीच की वैनी. पाणी आत हिकडं तिकडं पळतंया, पोरगी काय करंल? गळ्यापातूर भरा." त्या स्वतःच पायऱ्या उतरल्या, कळशी गळ्यापर्यंत भरून आणली, कुणाच्या तरी हातातला कडुनिंबाचा डहाळा न विचारताच मोडून कळशीच्या तोंडात खोवला आणि कळशी शरूच्या डोक्यावर ठेवली. "जड हाय?" शरू म्हणाली, "हाय." "मग झालं तर. जड हाय म्हणून ती एका जागी बसती." आणि खरंच, कळशी बसली. शरूची मान ताठ झाली, खांदे सरळ झाले.

वाजाप निघालं. बाई शरूच्या शेजारूनच चालू लागल्या. त्यांचं तोंड क्षणभर बंद नव्हतं. नदीबद्दल, घरच्या म्हशीबद्दल, साडीच्या काठाबद्दल, एकातून दुसरं. पण शरूचं लक्ष फुगेवाल्याकडं गेलं की त्या वेळेवर तिच्या खांद्यावर ढोलाच्या ठेक्यात बोटं वाजवायच्या. "ढबाक कुठं गेलं बघ? हां, गावलं!" ती दमली की म्हणायच्या, "टेकडी बिकडी इसर. त्या खांबापातूर चल, मग बघू." खांब आला की पुढचं झाड, झाडानंतर पुढचं दुकान. मी मागून ऐकत होते आणि समुपदेशक बाईंचं बोलणं मला एकेक करून कळत होतं. लहान तुकडे. एका वेळी एकच. मी एकदाही "पाडू नको" म्हणाले नाही, कारण ह्या भेळवाल्या बाईंनी मला बोलूच दिलं नाही.

"तुम्हाला कसं कळलं हो?" मी विचारलं. त्या हसल्या. "मी बी अशीच हुतो की! शाळंत बाकावर कमी आन् बाकाखाली जास्त. आमची आई रोज पाणी आणाय लावायची मला. म्हणायची, हिला रिकामं ठेवू नका." तेवढ्यात त्यांचा फोन वाजला. पलीकडून त्यांची बहीण ओरडत होती ते आम्हालाही ऐकू आलं. "कुठं हाईस गं?" बाई म्हणाल्या, "तुमच्यातच की! वाजापाच्या मागंच हाय." मग त्यांनी इकडं तिकडं बघितलं, आमचे सगळ्यांचे चेहरे बघितले आणि कपाळावर हात मारला. त्या पेठ वडगावहून बहिणीकडं यात्रेला आल्या होत्या, घाटावर पाणी बघत उभ्या राहिल्या आणि भलत्याच गल्लीच्या वाजापामागं चालत निघाल्या होत्या. आमच्या बायका हसून हसून रस्त्यातच थांबल्या. आत्यांनी पदर तोंडाला लावला. "ऱ्हाऊ दे आता," बाई म्हणाल्या, "हिला वर पोचवतो आन् मग बहीण हुडकतो."

टेकडीवर शरूनं पायरीवर कळशी उपडी केली. निम्मं पाणी पायरीवर, निम्मं आत्यांच्या पायांवर. आत्यांनी वाकून शरूच्या तोंडावरून हात फिरवला आणि आपल्या कानशिलांवर बोटं मोडली. शरू देवीकडं बघून मोठ्यानं म्हणाली, "मी आलोय बघ." मी हात जोडले. दोन्ही. नेहमीचं मागणं ओठांवर आलं आणि तिथंच विरलं. हिला शांत कर असं म्हणावंसंच वाटेना. मी एवढंच म्हणाले, आई, तू पाठवलीस तशीच ती मला पेलू दे.

वळून बघितलं तर बाई निघून गेल्या होत्या. नावही विचारायचं राहिलं. परतताना आत्या हळूच म्हणाल्या, "देवीच आली असंल गं." शरू म्हणाली, "न्हाय आजी, देवी भेळ खात न्हाय." कोण होत्या, यावर मी वाद घालत नाही. अगदी हवी त्या क्षणाला त्यांची वाट चुकली आणि ती चूक आमच्या पदरात पडली, एवढं मला पुरतं.

शरू काही बदलून गेली नाही. डॉक्टरांचे उपचार चालू आहेत, समुपदेशक बाईंकडं जाणंही चालू आहे. डबा अजून हरवतो, मीही अजून ओरडते. पण आता ती गणितं ओट्याशी उभी राहून करते, एक झालं की अंगणात फेरी मारून दुसऱ्याला येते. घरातलं पिण्याचं पाणी भरणं तिच्याकडं आहे आणि ते कुणी तिच्याकडून काढून घेत नाही. मी तिला सांभाळण्याच्या नावाखाली सगळं अर्धं अर्धं देत होते. देवीनं मला माझ्याच हातांनी अर्धी भरलेली कळशी दाखवली.

या वर्षी आषाढात पुन्हा घाटावर गेलो. आत्यांनी तिची कळशी स्वतः भरली, गळ्यापर्यंत. मी हार सोडवत होते तेवढ्यात शरू नाहीशी. माझ्या लक्षात आलं की शेजारून नुकतंच दुसरं वाजाप निघालं होतं. आम्ही दोघी धावत सुटलो. थोड्याच अंतरावर ती दिसली. दुसऱ्याच गल्लीच्या पोरींमध्ये, आपली कळशी डोक्यावर सावरत, एका हातानं एका रडवेल्या पोरीचा हात धरून उभी होती. त्या पोरीच्या डोक्यावरची कळशी डचमळत होती, पाणी गालांवरून ओघळत होतं.

मी रागवायला तोंड उघडलं, तर आत्यांनी मला दंडाला धरून थांबवलं. शरू त्या पोरीच्या आईला ठणकावून सांगत होती, "काकू, अर्धी कशाला भरली? गळ्यापातूर भरा की! पेलती तिला."