वाघाचा गुरुवार, आईचा शुक्रवार

गुरुवार, ८ फेब्रुवारी २००७, पहाटे पाच वाजून दहा मिनिटे. मी मामाच्या ओम्नीत बसून, बॅटरीच्या उजेडात किलोमीटरचा आकडा कागदावर उतरवून घेत होतो. ५१८३४. मागे आई डबे लावत होती, धाकटी बहीण सुमी पायरीवर बसून जांभया देत होती आणि बाबा उगीचच चारही टायरांना लाथा मारून बघत होते.

ही ओम्नी एरवी बर्फ आणि माशांच्या पाट्या वाहते. आदल्या दिवशी मी ती साबणाने दोनदा आणि लिंबू चोळून एकदा धुतली होती. वास तसाच होता.

शेजारच्या कमळाकाकी पाणी भरायला उठल्या होत्या. दोन घरांमधल्या दगडी गडग्यावरून म्हणाल्या, "काय गो, माशे इकणारे आता वाघ बघूक चलले?"

आई म्हणाली, "होय गो. तुका काय हाडू? शेपटी?"

हे सगळं लिहितोय कारण आमच्यासारख्या घरातून सहलीला निघालं की असं कुणीतरी गडग्यावर उभं असतंच. ज्यांना जायचं आहे त्यांनी जावं. रस्ता, खर्च आणि माझी चूक, तिन्ही खाली दिली आहेत.

आधी या सहलीचं कारण. मालवणात आता किल्ला बघायला खूप पर्यटक येतात. आमच्या घराच्या मागच्या बाजूला दोन खोल्या आहेत, दोन्हींत जाळी भरलेली. त्या रिकाम्या करून पर्यटकांना भाड्याने द्याव्यात, त्यांना फिरवायचं कामही मी करावं, असं मी वर्षभर बाबांना सांगत होतो. मी दहावीला दोनदा बसलो, दोनदा राहिलो. तीन मोसम बाबांबरोबर होडीवर गेलो. मला समुद्राची भीती वाटते, हे मी लपवत नाही. होडी सुटण्याआधी मी दोर तपासतो, इंजिन तपासतो, पुन्हा दोर तपासतो. बाबांचे भागीदार हसतात.

शेवटी जानेवारीत बाबा म्हणाले, "आधी आमका तिघांक एक दिवस नीट फिरवून हाड. काय एक चुकता नये. मगे खोल्यांचा बोलूया."

सुमीच्या पुस्तकात वाघाचं चित्र होतं, आणि डिसेंबरात आलेल्या पुण्याच्या एका कुटुंबाने गोव्याच्या जंगलातल्या मोकळ्या झूबद्दल सांगितलं होतं. पिंजरे नाहीत, जनावरं खंदकापलीकडे मोकळी, आपण झाडीतून चालत बघायचं. मी त्यांना चौदा प्रश्न विचारून उत्तरं वहीत लिहून ठेवली होती. अंतर, रस्ता, तिकीट, वेळ, पाणी मिळतं का, संडास आहे का, सगळं.

दिवस गुरुवार ठरला, त्यात विचार करण्यासारखं काही नव्हतं. आई बाजारात मासे विकते. सोमवारी आणि गुरुवारी आमच्याकडे बहुतेक घरांत मासे खात नाहीत, त्यामुळे तिचे तेवढेच दोन दिवस रिकामे. सोमवारी सुमीची चाचणी होती. राहिला गुरुवार.

पावणेसहाला निघालो. कुडाळपर्यंत काळोखच होता. सावंतवाडीला तळ्याकाठी चहा घेतला, सात वाजता. बांद्यापर्यंत हमरस्ता चांगला आहे, पुढे दोडामार्गाचा रस्ता अरुंद आणि वळणाचा. ज्यांना गाडी लागते त्यांनी पुढे बसावं. दोन्ही बाजूंना काजू मोहरला होता आणि सुमीने वळणं मोजायला घेतली होती, ती एकशे सहावर थकली.

गोव्याच्या नाक्यावर पोलिसाने काच खाली घ्यायला लावली, आत नाक घातलं आणि विचारलं, "नुस्तें?" म्हणजे मासे का.

बाबा म्हणाले, "नाय. आज नुसतो वास."

त्याने हात हलवून जाऊ दिलं.

डिचोलीला गाडी लावून आईने घावणे आणि काळ्या वाटाण्याचं सांबारं काढलं. तिथल्या हॉटेलातला भाजी-पावही घेतला, कारण बाबांना तो हवा होता. बाबा खूश होते. "रस्तो बरो शोधलंस," एवढं म्हणाले. मी वहीत वेळ लिहिली, नऊ वीस. ठरवल्यापेक्षा दहा मिनिटं लवकर.

दहा वाजून पंचवीस मिनिटांनी आम्ही झूच्या फाटकासमोर पोचलो. फाटकाला साखळी होती.

खाकी कपड्यातले एक वयस्कर रखवालदार खुर्चीवर बसले होते. मला बघून म्हणाले, "आज बंद. बिरेस्तार न्हय?"

बिरेस्तार म्हणजे गुरुवार. झूची साप्ताहिक सुट्टी गुरुवारी असते.

वही हातात होती. चौदा प्रश्नांत हा प्रश्न नव्हता. आमच्या घरात गुरुवार म्हणजे मोकळा दिवस. त्या दिवशी दुसऱ्या कुणाचं दार बंद असेल, हे माझ्या डोक्यात आलंच नाही.

आई गाडीतून उतरून आली. "बंद कित्याक?"

रखवालदारांनी सांगितलं. गुरुवारी साफसफाई असते, आणि वाघ-बिबट्यांना त्या दिवशी मांस देत नाहीत. आठवड्यातून एकदा पोटाला विश्रांती.

"म्हणजे वाघाक पण गुरवार?" आई म्हणाली.

बाबा हसायला लागले. हसता हसता रस्त्याकडेच्या मोरीच्या कट्ट्यावर बसले. "चौदा प्रश्न इचारलंस मां? पंधरावो कित्याक नाय इचारलंस?" मग हळू आवाजात, पण मला ऐकू जाईल असं म्हणाले, "पुण्याचे लोक ह्याच्या भरवश्यार येतले. झाला. खोल्यांचो विषय संपलो."

मी वही मिटून खिशात घातली. म्हटलं, "चूक माझी. पण मी परत जावचंय नाय. उद्या सकाळी फाटक उघडता. आपण ऱ्हवया."

"उद्या शुक्रवार आसा," बाबा म्हणाले.

हे मालवणबाहेरच्या वाचकांना सांगायला हवं. गुरुवारचा उपास सुटला की शुक्रवारी सकाळी अख्खं गाव माशांवर तुटून पडतं. आईची आठवड्याची अर्धी कमाई शुक्रवारची. शिवाय बाजारात जागा ज्याची त्याची ठरलेली असली, तरी एक शुक्रवार रिकामी दिसली की दुसरी पाटी तिथे बसते आणि गिऱ्हाईक तिथे वळतं. पर्यटक मात्र कधीच विचारत नाहीत, की आम्हाला सुट्टी कुठल्या वारी असते.

"गाडी फिरव," बाबा म्हणाले.

मी आईकडे बघितलं. ती रखवालदारांशी बोलत होती. "भाऊ, उद्या इलंव तर वाघ दिसतलो?"

"फाल्यां सकाळीं येयात," ते म्हणाले, म्हणजे उद्या सकाळी या. मग आमच्यासाठी सावकाश, मराठी मिसळून सांगितलं. रविवारी गर्दी येते, तेव्हा वाघ पोटभर खाऊन सावलीत पडलेला असतो, लोक त्याची पाठ बघून जातात. शुक्रवारी सकाळी तो उपाशी असतो. बसत नाही. फिरतो.

आईने फाटकाची साखळी एकदा हलवून बघितली. मग बाबांना म्हणाली, "बावीस वर्सां शुक्रवार केलंय. पोरांच्या बाळंतपणात दोन-दोन सोडलंय, ते पण खाटेर पडान. एक शुक्रवार वाघ बघून सोडलंय तर काय आभाळ पडाचा नाय."

"आणि माझी होडी?"

"तुमची होडी तुमच्याबगर पण जाता. भागीदारांका फोन करा."

बाबांनी जवळच्या तिस्क गावातल्या बूथवरून फोन केला. काय बोलले ते मला माहीत नाही, पण पलीकडचं हसणं बाहेरपर्यंत ऐकू आलं.

राहण्याची सोय: फोंड्याच्या बाजूला मोठी देवळं आहेत, त्यांच्या अग्रशाळेत भाविकांना खोली मिळते. आम्हाला दीडशे रुपयांत मिळाली. स्वच्छ होती. चादरी सोबत न्याव्यात. आमच्याकडे नव्हत्या, आईच्या साडीवर आणि माझ्या लुंगीवर भागवलं. दुपारभर बाबा देवळाच्या तळीच्या पायऱ्यांवर बसून पाण्यातले मासे बघत होते आणि माझ्याशी बोलत नव्हते. मी वहीत पंधरावा प्रश्न लिहिला. त्याच्याखाली आणखी सहा लिहिले.

शुक्रवारी नऊ वाजता फाटकावर आम्हीच पहिले होतो. रखवालदार आईला म्हणाले, "आयलीं?" आणि तिकीट फाडलं. मोठ्यांना दहा, मुलांना पाच. गाडी लावायचे दहा.

आता झूबद्दल. हे घाईत बघायची जागा नाही. वाट झाडीतून वर-खाली जाते, पूर्ण फेरीला आम्हाला तीन तास लागले. चपला घसरणाऱ्या नकोत, पाणी फाटकाशीच भरून घ्यावं, आत एकच नळ आहे. हरणं तर बाजूने इतक्या जवळून चालत होती की सुमीने आवाज बारीक केला. गवा चिखलात उभा होता, आमच्याकडे बघून त्याने फक्त कान हलवला. मगर दगडासारखी पडली होती. बाबा तिथे खूप वेळ थांबले. म्हणाले, "हिचा बरा आसा. होडी नको, जाळा नको."

कालपासूनचं ते माझ्याशी पहिलं बोलणं होतं.

वाघाची जागा सगळ्यात वर आहे. वाटेच्या कडेला कमरेएवढा कठडा, त्याखाली खंदक, आणि पलीकडे सरळ जंगल. जाळी नाही, गज नाही. आम्ही वळण घेतलं आणि तो समोरच होता. चालत होता. एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत, वळून परत, डोकं खाली, खांदे एकामागून एक वर येत होते. मध्येच थांबून त्याने आमच्याकडे बघितलं.

बाबा दोन पावलं मागे आले. त्यांनी सुमीचा दंड धरून तिलाही मागे ओढलं. वादळात होडी घेऊन आलेला माणूस, तो कठड्यापासून लांब उभा राहून म्हणाला, "मदी काय नाय रे. मदी कायच नाय."

"मदी नऊ मीटर खंदक आसा, बाबा," मी म्हटलं. "ह्या बाजूक भिंत सरळ आसा, तेका चढूक गावाचा नाय. मी काल इचारलंय."

"काल? कोणाक?"

"रखवालदारांक. तुम्ही मोरीर बसलेलास तेवा."

त्यांनी माझ्याकडे बघितलं, मग खंदकाकडे. "नऊ?"

"नऊ."

मग ते पुढे आले आणि दोन्ही हात कठड्यावर ठेवून उभे राहिले. सुमी त्यांच्या बगलेतून बघत होती.

आई वाघाकडे बघत होती, पण तिचं लक्ष दुसरीकडे होतं. फेरी संपली की वाघ दर वेळी मागच्या लोखंडी दाराशी थांबायचा. तिथूनच संध्याकाळी खाणं येत असणार. "बघ बघ," ती म्हणाली, "दाराकडे कसो बघता. शुक्रवारी पाटी उतरताना लोक माझ्याकडे असेच बघतत." आणि वाघालाच म्हणाली, "वायच थांब रे बाबा. येतला."

आम्ही तिथे पाऊण तास होतो. खाली येताना एक मोठी बस भरून माणसं वर चालली होती. त्यांतल्या एकाने विचारलं, वाघ दिसतो का. बाबा त्याला थांबवून शुद्ध मराठीत म्हणाले, "आज दिसतो. पण बुधवारी रात्री जेवलाय, जरा जपून."

परतीच्या वाटेवर डिचोलीत साधं ताट, पस्तीस रुपये, पोटभर. आई बाजारात जाऊन बांगड्याचा भाव विचारून आली आणि सावंतवाडीपर्यंत त्याच्यावर बोलली. घरी पोचलो सहाला दहा मिनिटं असताना. कमळाकाकी गडग्यावरच होत्या. आई म्हणाली, "शेपटी गावली नाय गो. तो सोडीना."

शनिवारी आईच्या जागेवर दुसरी पाटी होती. ती बाई सरकली, पण आईची दोन नेहमीची घरं आता तिच्याकडून घेतात. आईने हे मला सांगितलं नाही, सुमीने सांगितलं. मी आईला विचारलं तर म्हणाली, "येतले परत. नाय इले तर नाय इले. मी वाघ बघलंय, त्यांनी खंय बघलो?"

खोल्यांबद्दल आमच्यात काही बोलणं झालं नाही. रविवारी दुपारी मी धक्क्यावरून आलो तर एका खोलीतली जाळी अंगणात निघालेली होती आणि बाबा केरसुणी घेऊन आत होते. मी मागितल्या होत्या दोन. दुसरीचं दार तसंच, जाळ्यांनी कोंबलेलं. मी बघतोय हे बघून म्हणाले, "एकच. आणि दारार पाटी लावशीत तेवा लिव, गुरवारी काय काय बंद आसता ता."

पाटी मी लिहिली आहे. गुरुवारी काय बंद, सोमवारी काय बंद, किल्ल्याची होडी कधी सुटते आणि कधी सुटत नाही. त्याखाली एकवीस प्रश्न आहेत आणि त्यांची उत्तरं. कुणी हसलं तर हसू दे, मी त्यातला एकही खोडणार नाही.

खर्च: पेट्रोल ९५०, झूचं तिकीट ३५, गाडी लावणं १०, अग्रशाळा १५०, गुरुवारचं बाहेरचं खाणं ६४, चहा २८, शुक्रवारची चार ताटं १४०, फोन ९. एकूण १३८६ रुपये. सगळे माझ्या साठवणीतले.

मामाचं देणं: काही नाही, गाडी पुन्हा धुऊन दिली.

आईचं देणं: एक शुक्रवार.